आभाराचा फोटो

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार

सोफा! चक्क सोफा! चार माणसांनी डोक्यावर घेऊन नदीपलीकडून आणलेला. जेरे दुकानदाराच्या बैठकीतला लाल सोफा, पाठीवरच्या क्रोशाच्या पांढऱ्या रुमालांसकट. न्याकायिराच्या अंगणात आंब्याखाली तो ठेवला आणि त्यावर तिच्या लेकीला, तिवोंगेला बसवलं. पायात दवाखान्यातल्या नर्सबाईंचे बूट – दोन बोटं मोठे, पुढे कागद कोंबलेला. मनगटावर चर्चच्या मुन्थालीबाबांचं घड्याळ, तेही बंद पडलेलं. शेजारी कोणाचा तरी रेडिओ. झगा कोणाचा ते मी विचारलंच नाही. न्याकायिरानं कोळशाच्या इस्त्रीनं त्याला अशी धार आणली होती की लेकीला हलायचीही चोरी.

हे सगळं इंगेबाईंसाठी. त्या कुठल्याशा थंड देशात राहतात आणि तीन वर्षं तिवोंगेची फी आणि वसतिगृहाचा खर्च पाठवतात. त्या बदल्यात दर सप्टेंबरला एक आभाराचं पत्र आणि एक फोटो. शाळेत हे काम माझ्या गळ्यात, कारण बाकी सगळ्या मास्तरांनी अंग काढून घेतलं. आत्तापर्यंत फोटो शाळेत, गणवेशात काढत होते. यंदा मदत पोचवणाऱ्या संस्थेच्या म्झुझू शहरातल्या ऑफिसातून नवीन फर्मान – फोटो घरी काढा. कॅमेऱ्याचा फोनसुद्धा दिलाय त्यासाठी.

मी न्याकायिराला म्हटलं, "अहो, एवढा थाट कशाला?"

ती कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, आभार मानायला जाताना माणूस फाटकं नेसून जातं? तसं गेलं तर त्याचा अर्थ काय होतो? तुझ्या देण्यानं माझं काही झालं नाही, असा! शिवीच की ती!"

खरंय. मी पास झाले तेव्हा मामाकडे आभाराला गेले ती शेजारणीचं नवं छापील चितेंजे कंबरेला गुंडाळूनच. सरदाराकडे आभाराला जायचं तरी लोक आधी गावभर फिरून उसनं मागतात, मग जातात. देणाऱ्याचा मान असतो तो.

फोटो झकास आला. तिवोंगे ताठ बसलीय, गुडघे जुळवून. मागे अर्धं गाव उभं होतं ते मी कापलं. आज दिवसभर कोणावर ओरडले नाही. नोंद करून ठेवावी अशीच गोष्ट!

९ ऑक्टोबर, शुक्रवार

संताप, संताप, संताप!

ऑफिसातल्या सिंगिनीचा फोन. सिग्नलसाठी शाळेमागच्या वारुळावर चढून उभी होते, भर उन्हात, आणि हा पठ्ठ्या पंख्याखाली बसून मला विचारतो, "मॅडम, तो सोफा कोणाचा?"

म्हटलं, "जेरेचा."

"मग मुलगी त्यावर का बसलीय?"

काय सांगू त्याला? सिंगिनी काही परदेशातून आलेला नाही. माझ्याच जिल्ह्यातला आहे. त्याच्या लग्नात त्याच्या बापानं कोट कोणाचा घातला होता ते मला माहीत आहे!

झालं असं की फोटो इंगेबाईंना गेला. त्यांनी ऑफिसला कळवलं – या कुटुंबाची परिस्थिती आता सुधारलेली दिसते, फार आनंद झाला, तर माझी मदत अधिक गरजू मुलीकडे वळवावी. फार आनंद झाला म्हणे! आणि ऑफिसनं लगेच फी रोखली. विचारायचं नाही, येऊन बघायचं नाही. एका बंद पडलेल्या घड्याळावरून मुलीचं वर्ष बंद!

"आम्हाला नैसर्गिक फोटो हवा," सिंगिनी म्हणाला. "रोजच्या कपड्यातला. घरकाम करताना वगैरे. पंधरा नोव्हेंबरच्या आत पाठवा, नाहीतर यादीतून नाव जाईल."

रोजचे म्हणजे फाटके हे त्यानं सांगितलं नाही. मी समजून घ्यायचं.

तिवोंगेचं हे शेवटचं वर्ष. जूनमध्ये बोर्डाची परीक्षा आणि तिचा फॉर्म नोव्हेंबरअखेर भरायचा. वर्गात गणितात तिच्यासारखं कोणी नाही. आमच्या शाळेतून आजवर एकही मुलगी नर्सिंगला गेलेली नाही. ही जाईल. जाईल म्हणजे – गेली असती.

१२ ऑक्टोबर, सोमवार

हेडसरांनी तिला आज घरी पाठवलं. फी नाही तर वसतिगृह नाही. सकाळच्या प्रार्थनेलाच नाव पुकारलं, सगळ्यांच्या देखत. मी नंतर त्यांच्या खोलीत जाऊन काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात काय आहे?" हातात चहाचा कप होता.

तिवोंगे पेटी डोक्यावर घेऊन गेली. जाताना गुडघे टेकून निरोप घेतला. रडली नाही. मीच रडले, संडासात जाऊन.

१७ ऑक्टोबर, शनिवार

न्याकायिराकडे गेले. ती आत्ताच बस थांब्यावरून मंडाझी विकून परतली होती. नवरा तंबाखूच्या मळ्यांवर कामाला गेला तो गेलाच, आज नऊ वर्षं. तेव्हापासून ही बाई पहाटे पीठ मळते, तळते, टोपली घेऊन चालत जाते – पण जाताना चितेंजे इस्त्रीचं, डोक्याला रुमाल चापूनचोपून. घरात भले मक्याच्या पिठाची एकवेळची न्सिमा असो. तिला कोणी चुरगळलेली बघितलेली नाही.

शब्द जुळवून जुळवून सांगितलं. दुसरा एक फोटो काढू. साधा. घरातल्या कपड्यांत.

"घरातल्या म्हणजे?"

"म्हणजे... कामाच्या."

"फाटक्या," ती म्हणाली.

"मॅडम, आमच्या घरात फाटकं आहे. नाही कुठे म्हणते मी? पण ते दाराच्या आत आहे. ते नेसून माझी लेक परक्या बाईपुढे उभी करू? आणि ती बाई तो फोटो ठेवणार कुठे? भिंतीवर! येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणार!"

"पण शाळा, न्याकायिरा! तिची शाळा!"

"शाळा तिला माणूस करायला आहे ना? मग आधी तिला माणसासारखी दिसू दे."

मी चिडले. फारच चिडले. म्हटलं, तुमचा मान तुम्हालाच लखलाभ, पोरगी मात्र उद्या मंडाझी तळत बसेल! हे मी बोलायला नको होतं. तिवोंगे दारात उभी होती, तिनं ऐकलं. न्याकायिरा उठून आत गेली. मला मुठीनं भाजके शेंगदाणे बांधून दिले. पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही ना! परत येताना सगळ्या वाटेवर ते शेंगदाणे खात आणि तिला शिव्या देत आले.

मला राग कोणाचा येतोय तेच कळेनासं झालंय. सिंगिनीचा? त्या इंगेबाईंचा? त्यांनी बिचाऱ्यांनी फोटो बघितला आणि त्यांना दिसलं ते लिहिलं. का हिचा, जिच्या ताठ मानेपायी पोर घरी बसलीय? भीक नको पण कुत्रा आवर, असं न्याकायिरा म्हणेल. म्हणू दे. फॉर्म तिला भरायचा नाहीये!

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसला चार पानी पत्र पाठवलं. आभाराला जाण्याची रीत, उसने बूट, सोफा, सगळं खुलासेवार. सिंगिनीला ते समजवायला पत्र लागतं याचाच मला राग येतो. पण त्याच्या वरच्यांना लागेल.

२ नोव्हेंबर, सोमवार

उत्तर: "खुलाशाची नोंद घेतली. नवीन फोटोची वाट पाहत आहोत."

७ नोव्हेंबर, शनिवार

लिहू की नको? लिहिते.

चार वाजता गेले. न्याकायिरा बस थांब्यावर असणार हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच चार वाजता गेले. इथे तरी खोटं नको.

तिवोंगे ओसरी सारवत होती. काळ्या मातीत कोपरापर्यंत हात. अंगात जुना परकर-झगा, एका खांद्यावर उसवून लोंबणारा, आणि वर आईचं कधीकाळचं चितेंजे, काठ गेलेलं. केस सुटलेले. स्वयंपाकाच्या खोपीतून धूर येत होता तो डोळ्यांत जात होता म्हणून डोळे बारीक. आणि गात होती! चर्चमधलं गाणं, पण चाल नाचाची. एका हातानं सारवायचं आणि दुसऱ्यानं ताल. शाळेत ती कधी अशी दिसली नव्हती मला.

मी गवताच्या कुंपणाबाहेर उभी होते. फोन काढला. तीन फोटो घेतले. आवाज येऊ नये म्हणून आधीच बंद करून ठेवला होता. तिसऱ्या वेळी तिनं मान वर केली, कोंबडीला हाकलायला. मला वाटलं बघितलं तिनं. नाही बघितलं.

हाक न मारता परत आले. तीन मैल.

फोटोत गाणं दिसत नाही. दिसते ती एक फाटकी पोर, हातांना चिखल, डोळ्यांत पाणी. हवं तेच दिसतं! मी बाहेरचा माणूस असते तर मीही पैसे पाठवले असते.

फी. फॉर्म. नर्सिंग. तिच्या भल्यासाठी. हे मी दहा वेळा म्हणून बघितलं.

९ नोव्हेंबर, सोमवार

पाठवला. वारुळावर उभं राहून. वर जायला पाच मिनिटं लागली त्या फोटोला, आणि त्या पाच मिनिटांत रद्द करता येत होता.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

सिंगिनीचा फोन. खूश! "मॅडम, हेच! हेच हवं होतं! ते डोळे! वरचे लोक म्हणाले, एवढा बोलका फोटो पाच वर्षांत आला नाही. आणि तिवोंगे नावाचा अर्थ 'आभार मानू या' – क्या बात है! तुम्ही आधीच का नाही पाठवलात?"

मी फोन ठेवला. धुराचे डोळे ते, गाढवा. धुराचे!

२० नोव्हेंबर, शुक्रवार

फी आली. तिवोंगे वसतिगृहात परत आली, तीच पेटी घेऊन. फॉर्म भरला, मी स्वतः तिच्या शेजारी बसून भरून घेतला. तिची सही फार सुंदर आहे.

न्याकायिरा आली होती, कोंबडी घेऊन. इस्त्रीचं चितेंजे, वर दुसरं तसंच, आभाराचं नेसणं. दारात दोन्ही गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या, आणि मग विचारलं, "मॅडम, त्यांना कसं पटलं हो?"

मी म्हटलं, "पत्र लिहिलं होतं मी. चार पानी. आपली रीत समजावून सांगितली."

"बघा!" ती तिवोंगेला म्हणाली. "मी म्हणत नव्हते? नीट सांगितलं की कोणालाही कळतं. माणसंच आहेत तीही."

मी कोंबडी घेतली. शिजवली. खाल्ली. घशाखाली उतरली, हेच आश्चर्य.

५ डिसेंबर, शनिवार

पाऊस वेळेवर. सहामाहीचे पेपर तपासते आहे. तिवोंगे गणितात पहिली. जीवशास्त्रात दुसरी, कारण पहिल्या आलेल्या पोरानं तिच्या शेजारी बसून लिहिलं! पुढच्या वेळी त्याला दारात बसवते.

मनातून ती गोष्ट जात चालली आहे. बरं वाटतंय.

१८ जानेवारी २०१६, सोमवार

ऑफिसची गाडी आली. वह्या, दोन फुटबॉल आणि कॅलेंडरांचा गठ्ठा. सगळ्या शाळांना वाटतात म्हणे, देणगीदारांनाही जातात, हजारोंनी. हेडसरांनी गठ्ठा सोडला, एकेक पान उलटत गेले, आणि ओरडलेच, "अरे! ही तर आपली!"

मार्च.

अख्ख्या पानभर. कोपरापर्यंतचा चिखल, उसवलेला खांदा, ते डोळे. खाली ओळ: 'तुमच्या मदतीशिवाय तिचं आयुष्य इथेच संपतं.'

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं! फोटो फाइलमध्ये जाईल, इंगेबाईंच्या टेबलावर जाईल, एवढंच माझ्या डोक्यात. का मी तेवढंच डोक्यात येऊ दिलं?

हेडसरांना म्हटलं, हे लावू नका. ते म्हणाले, "वेड लागलं का मॅडम? शाळेचं नाव झालं!" शिक्षकांच्या खोलीत एक, कचेरीत एक, आणि एक सभागृहात, घंटेच्या बाजूला – मार्चचं पान वर करून! जानेवारी चालू असताना!

मी सभागृहातलं काढून आणलं. दुपारी तिथे दुसरं होतं.

२१ जानेवारी, गुरुवार

पोरं तिला 'मार्च' म्हणायला लागली आहेत. "मार्च आली, मार्च!" "ए मार्च, आमच्या वर्गाची जमीन सारव ना!" आणि मुलीसुद्धा. त्याच मुली, ज्यांच्या घरी हिच्याहून फाटकं आहे! एकाला छडीनं झोडपलं. आयुष्यात पहिल्यांदा. सिंगिनीला फोन केला तर म्हणतो, कॅलेंडर फार गाजतंय, त्यामुळे अजून वीस मुलींची सोय होईल. वीस! आता यावर मी काय बोलायचं? सगळी उत्तरं आधीच त्यांच्याकडे. आपलेच दात, आपलेच ओठ.

२२ जानेवारी, शुक्रवार

शाळा सुटल्यावर ती माझ्या घरी आली. बस म्हटलं, बसली नाही. गुडघेही टेकले नाहीत – हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मी सगळं बोलून गेले. फी, मुदत, सिंगिनी, फॉर्म. बोलतच राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मॅडम, मी तेव्हा गात होते."

"हो," मी म्हटलं.

"मला हाक का नाही मारलीत? मी हात धुऊन आले असते."

बास. एवढंच. गेली.

मी भांडी आपटली. एक फुटलं. दुसरंही फोडलं.

२७ जानेवारी, बुधवार

तिचा पलंग दोन दिवस रिकामा. आज तिच्या घरी गेले. ती आतून बाहेर आली नाही. ओसरीवर न्याकायिरा. समोर ते मार्चचं पान, सुरकुत्या हातानं काढून काढून सपाट केलेलं. बाजारात कोणीतरी आणून दिलं होतं.

मला वाटलं, ओरडेल, मारेल. बरं झालं असतं! ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुमचं पत्र कामी आलं. मी सगळ्या गावाला सांगितलं तुमच्या पत्राचं."

मी माफी मागितली. गुडघे टेकून मागितली. तिनं मला उठवलं नाही, बसही म्हटलं नाही.

"तिला पाठवा," मी म्हटलं. "जूनपर्यंत. फक्त जूनपर्यंत. फी भरलेली आहे."

"मी दोन दिवस तेच सांगते आहे तिला," न्याकायिरा म्हणाली. "पाया पडले लेकीच्या. ती म्हणते, त्या भिंतीवर मी एकटी आहे."

आज शेंगदाणे मिळाले नाहीत.

२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सातला दार वाजलं. न्याकायिरा. क्षणभर ओळखलीच नाही. डोक्याला रुमाल नाही, केस मोकळे पांढरे. अंगावर जे होतं त्याला चितेंजे म्हणवत नाही – मांडीवर फाटलेलं, पाठीवर पिठाचे आणि तेलाचे डाग. हातांना कोपरापर्यंत ओली माती. भर बाजारातून, बस थांब्यावरून, शाळेच्या दारातून ती तशीच चालत आली होती.

"काढा माझा फोटो," म्हणाली. "आणि तिच्या शेजारी लावा. सगळ्या भिंतींवर लावायचा. मीही तिथे आहे म्हटल्यावर शाळेत येईन म्हणालीय ती."

मी फोन हातात घेतला. खांद्यावरचं फाटकं सावरायला तिचा हात वर गेला. मग तिनं तो खाली घेतला.

"हां. आता काढा."